सहा आण्यांची चेन

वेणूअक्का नर्सबाईने मला फसवले. एकदा नव्हे, दोनदा. पहिली फसवणूक मला कळायला तीन वर्षे लागली. दुसरी दोन वर्षे चालू होती, ती मागच्या महिन्यात उघडकीला आली. या दिवाळी अंकासाठी 'धंद्यातले अनुभव लिहा' असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा काय लिहावे याचा विचार करायची मला गरजच पडली नाही.

मी सुपडू मिस्तरी. धुळ्याला आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत माझे सायकलचे दुकान आहे. पंक्चर काढतो, ब्रेक बसवतो, तासावर सायकली देतो. पण माझे नाव झाले ते चेन साफ करण्यामुळे. त्यात काय मोठेसे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या सायकलची चेन एकदा बोटाने पुसून पाहावी आणि मग ते बोट साबणाने धुऊन पाहावे.

चेन म्हणजे शंभरावर बारा-चौदा कड्या. प्रत्येक कडीत एक बारीक रूळ फिरतो. त्या रुळाच्या आत तेल हवे, बाहेर नको. बाहेरच्या तेलावर धूळ बसते. आमच्या खानदेशात तर धुळीच्या जोडीला रुई असते. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे म्हातारी झाल्यासारखी पांढरी दिसतात. ती रुई तेलकट चेनवर बसते, गुंडाळत जाते, आणि महिन्याभरात चेनची समईतली वात होते. वर काळ्या मातीची धूळ. तेल आणि धूळ यांचा लेप दगडी पाट्यावरच्या वाटणासारखा काम करतो, फक्त वाटली जाते ती चेन.

हे मला दौलतआबाने शिकवले. स्वातंत्र्य आले त्या सुमारास मी जळगावात कापसाच्या एका जिनिंगमध्ये यंत्रांना तेल घालायच्या कामाला लागलो. दौलतआबा तिथे मुकादम. पहिल्याच दिवशी मी हौसेने एका साखळीवर अर्धी बुधली रिकामी केली. आबाने माझा हात धरला आणि म्हणाला, "तेल मजार पाहिजे रे भो. बाहेर दिसनं, म्हणजे वाया गयं." मग त्याने कोंबडीचे पीस आणले, तेलात बुडवले, आणि कडीकडीला एकेक थेंब कसा ठेवायचा ते दाखवले. माझ्या सगळ्या विद्येचे मूळ त्या पिसात आहे. थंडीत मी कामाला लागलो आणि थंडी संपायच्या आतच मॅनेजरशी भांडून काम सोडले. भांडण कशावरून झाले ते आता आठवत नाही. बरोबर मीच होतो एवढे आठवते. मी उन्हाळ्यापर्यंत तिथे टिकलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. ते पुढे येईल.

धुळ्याला आलो तेव्हा माझ्याजवळ दोन पाने, एक हवेचा पंप आणि सोनगीरहून घासाघीस करून आणलेली पितळी परात होती. त्या कासाराने मला तीनदा दुकानातून हाकलले आणि चौथ्यांदा मी सांगितलेल्या भावात परात दिली. तीच परात अजून आहे. माझी पद्धत अशी: लॉकची कडी सोडून चेन काढायची, परातीत घासलेट घालून तिच्यात दोन तास भिजवायची. मग शिंदीच्या कुंच्याने घासायची. काळे घासलेट एका डब्यात ओतायचे, ते फेकायचे नाही. रात्रभर ठेवले की गाळ खाली बसतो आणि वरचे पुन्हा वापरता येते. दुसऱ्या हाताला स्वच्छ घासलेट. मग सुकवायची, पिसाने थेंब थेंब तेल द्यायचे, चेन वळवून वळवून ते आत मुरवायचे, आणि शेवटी जुन्या धोतराने पुसत राहायचे, पुसत राहायचे, धोतराला काळे लागेनासे होईपर्यंत. या शेवटच्या कामाला बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

गिऱ्हाइकाला मात्र तेल दिसायला हवे असते. लग्नात सायकल मिळालेला एक जावई माझी चेन पाहून रागावला. म्हणाला, कोरडी आहे, तेल घातलेच नाही. मी म्हटले, पायडल फिरवून पाहा. चाक फिरले ते फिरतच राहिले, आवाज नाही. तरी त्याचे समाधान होईना. घरी जाऊन त्याने शेंगदाण्याचे तेल ओतले. चौथ्या दिवशी सायकल घेऊन परत आला. चेनला मुंग्या लागल्या होत्या, फ्रीव्हीलपासून सीटपर्यंत रांग. त्या मुंग्या काढायचे मी वेगळे पैसे घेतले, त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

असल्या लोकांना उत्तर म्हणून मी दुकानावर पाटी लावली: 'चेन साफ करून मिळेल. सहा आणे. पांढऱ्या धोतरावर डाग पडल्यास मजुरी नाही.' गिऱ्हाइकासमोर चेन पांढऱ्या फडक्यातून ओढून दाखवायची, आणि मग पैसे घ्यायचे. त्या पाटीवर माझे दुकान चालले. सहा आण्यांत मी कधी एक पैसा कमी केला नाही. तालेवार आले, फौजदार आले, माझा सख्खा मेहुणा आला. सहा आणे.

आणि मग वेणूअक्का आली.

सरकारी दवाखान्यात ती बाळंतपणाची नर्स होती. धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांत सायकलवर जायची. पांढरे पातळ, हँडलला छत्री बांधलेली, मागे औषधाची पत्र्याची पेटी. तिच्या सायकलचे चेनकव्हर कधीच मोडून गेले होते. पहिल्यांदा आली ती सायकल ढकलत. चेनमध्ये रुईची वात इतकी घट्ट बसली होती की चाक फिरत नव्हते. तीन कोस चालत आली होती. मी तिला पाणी विचारले नाही, भाव सांगितला. याची मला आज लाज वाटते, पण भाव बरोबर होता.

"चार आणे घ्या," ती म्हणाली.

"सहा."

"अहो, बाळंतपणाला कधीकधी मला नुसता नारळ मिळतो."

"मग बाळंतपणाचा भाव वाढवा. चेनचा कमी होणार नाही."

शेजारचा बाबू टेलर मशीन थांबवून हसला. अक्काने सहा आणे मोजून दिले आणि जाताना म्हणाली, "चार आण्यांचंच काम आहे हे. कधीतरी तुमच्या तोंडून वदवून घेईन." मी तिकडे लक्ष दिले नाही. इथेच चुकलो.

वैशाखात ती परत आली. पातळाच्या काठावर काळा पट्टा होता, बोटभर रुंद. दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर बोल लावले होते. माझ्याकडून चेन साफ करून नेली त्याच दिवशीचा डाग, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, तुमच्या रस्त्याची धूळ. ती म्हणाली, धूळ भुरी असते, हा काळा आहे. मी म्हटले, मग तुमच्या साबणाचा दोष.

"सुपडूभाऊ, ती पाटी खरी आहे, की नुसती शोभेला टांगली आहे?"

गल्लीत चार माणसे उभी होती. मला चढला राग. म्हटले, आत्ता चेन काढतो, तुमच्यासमोर साफ करतो. डाग पडला तर आजची मजुरी नाही, पाटी उतरवीन, आणि ही चेन आहे तोवर फुकट साफ करीन.

"चेन आहे तोवर, की मी आहे तोवर?"

"तुम्ही आहात तोवर," मी ओरडून सांगितले.

बाबू टेलर म्हणाला, "सुपडू, जरा सबुरीनं." मी त्याला कपडे शिवायला सांगितले.

ती चेन मी जशी साफ केली तशी आजवर कोणाची केली नाही. तीनदा घासलेट बदलले. पुसताना धोतर फाटले तेव्हा दुसरे घेतले. दहाच्या सुमाराला चेन चढवली आणि म्हटले, घ्या, पाहा. अक्का म्हणाली, थांबा, पलीकडच्या गल्लीत एका मुलीच्या गळवाची पट्टी बदलायची आहे, दहा मिनिटांत येते. सायकल तिने समोरच्या पत्र्याच्या शेडला नीट टेकवून ठेवली. चेनची बाजू बाहेर. मला वाटले, बाई टापटिपीची आहे.

दहा मिनिटांचे साडेतीन तास झाले. मला काही वाटले नाही, कारण मधल्या वेळात दोंडाईच्याच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचा दिवाणजी आला. त्याची सायकल मिरच्यांच्या वखारीत उभी असायची. चेनवर तांबडा थर. कुंचा लावताच मी शिंकायला लागलो, मग दिवाणजी, मग बाबू टेलर. बाबूची सुई एका मोठ्या माणसाच्या कोटाच्या खिशातून आरपार गेली. मी दिवाणजीला आठ आणे सांगितले. तो म्हणाला, पाटीवर सहा आहेत. मी म्हटले, सहा आणे चेनचे आहेत, दोन आणे नाकाचे. शिंका आणि घासाघीस एकाच वेळी चालू होत्या. शेवटी त्याने आठ आणे आणि वर शेरभर मिरची दिली. आयुष्यातल्या उत्तम सौद्यांपैकी तो एक. मी अशा आनंदात असताना अक्का आली. ऊन डोक्यावर होते, पत्र्याकडे बघवत नव्हते.

तिने पेटी उघडून पट्टीची नवी गुंडाळी काढली. "तुमच्या धोतरावर नको. माझी पट्टी उकळलेली आहे."

पट्टी चेनभोवती धरली आणि पायडल उलटे फिरवले. पट्टीवर काळा पट्टा उमटला. तसाच, बोटभर रुंद.

मी तिचे तळहात पाहायला मागितले. तिने दाखवले, दवाखान्याच्या औषधाचा वास, बाकी स्वच्छ. मी पट्टी उजेडात धरली, हुंगली, बाबूला दिली. बाबू म्हणाला, "तेलच आहे, सुपडू. तुझंच."

पाटी मी स्वतः उतरवली. रांजणावर झाकण म्हणून ठेवली, लिहिलेली बाजू खाली. महिनाभर लोक जाता येता विचारत, "मिस्तरी, धोतर आणू का?" मी कोणाला पाना फेकून मारला नाही, यातच माझा मोठेपणा आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का यायची. चेन साफ होईपर्यंत बाबूच्या स्टुलावर बसून बाळंतपणांच्या गोष्टी सांगायची. एका गावात जुळी झाली तेव्हा बापाने एकाच्या नावाने आनंद केला आणि दुसऱ्याच्या नावाने कपाळ धरले. कोणते कोणते ते त्यालाही सांगता येईना. अशा गोष्टी. मी हसत नसे, घासत असे. पण रविवारी मी परात सकाळीच धुऊन ठेवायचो, हे बाबूने एकदा सर्वांसमोर सांगितले, त्यावरून आमचे आठ दिवस बोलणे बंद होते. खरे तर अक्कामुळे माझे काम वाढलेच. शाळेतल्या बाई आल्या, वकिलांच्या पत्नी आल्या. पण पाटीशिवायचे दुकान म्हणजे टोपीशिवायचे डोके. डाग कुठून आला, हे काही केल्या उमजेना.

तीन वर्षांनी एका लग्नासाठी जळगावला गेलो आणि वाकडी वाट करून दौलतआबाला भेटलो. चैत्र संपत आला होता. हंगाम आटोपलेला, जिनिंगच्या अंगणात आबाने यंत्राच्या साखळ्या उन्हात अंथरल्या होत्या, पापड वाळत घालावेत तशा. तेल घातलेल्या, पुसलेल्या साखळ्या. मी विचारले, आबा, पुसून झाल्यावर उन्हात कशाला?

"घाम येवाले," आबा म्हणाला. "ऊन लागनं की मजारनं तेल पातळ व्हस, आतला काळा मळ लेईसन बाहेर येस. मंग दुसऱ्यांदा पुसानं. तू थंडीमाच पळी गया ना, तुले कोन सांगी?"

मी एक साखळी बोटाने पुसून पाहिली; बोट काळे झाले. आतला मळ उन्हात बाहेर येतो. सावलीत पुसलेली चेन सावलीतच स्वच्छ असते. इतकी वर्षे मी अर्धीच विद्या विकत होतो, पूर्ण भावात. एका निवृत्त गुरुजींनी एकदा वैशाखात डाग पडलेले धोतर आणून दाखवले होते. त्यांना मी भर बाजारात खोटे ठरवले होते. ते बरोबर होते. पुढे मी त्यांच्या घरी गेलो, चेन फुकट करून देतो म्हटले. ते म्हणाले, "आता मी सायकल चालवत नाही."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मी आबाला पैजेची हकीकत सांगितली. आबा हसू लागला, खोकला लागेपर्यंत हसला. फैजपूरकडच्या जिनिंगमध्ये त्याच्या बरोबरीने एक तेलवाला होता. त्याची मुलगी वेणू बापाची भाकर घेऊन यायची आणि उन्हातल्या साखळ्या पुसायची. पुढे नर्स झाली.

म्हणजे ती साखळ्या पुसतच लहानाची मोठी झाली होती. पत्र्याची शेड, चेनची बाजू बाहेर, दहा मिनिटांचे साडेतीन तास. सगळे ठरवून.

धुळ्याला आल्यावर पहिली गोष्ट केली ती पाटी रांजणावरून काढली. रंगाऱ्याकडून खाली एक ओळ वाढवली: 'उन्हात तापवून दोनदा पुसलेली.' मग रविवारी अक्काला धरले. म्हटले, मला सगळे कळले आहे. तुम्ही मला उन्हात फसवले.

ती स्टुलावर बसली, छत्री मिटली आणि म्हणाली, "सुपडूभाऊ, ऊन काय मी माहेराहून आणलं होतं?"

बाबू टेलर इतका हसला की मशीनवरून टेप खाली पडली. मी म्हटले, माहीत होते तर सांगायचे. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" मी परात पुढे ओढली. चेन साफ केली. या वेळी उन्हात ठेवून दुसऱ्यांदा पुसली, आणि तिने स्वतःच्या पदराच्या टोकाने ओढून पाहिली. पदर पांढराच राहिला. "आता झालं सहा आण्यांचं काम," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने सहा आणे पहिल्यांदा मान्य केले, तेही फुकट काम घेऊन.

पुढे तिची बदली तिच्या माहेरी, फैजपूरला झाली. मला वाटले, सुटलो. महिन्याभराने जळगाव-धुळे एस.टी.च्या कंडक्टरने केळीच्या वाळलेल्या सोपटात बांधलेले पुडके माझ्या हाती दिले. आत चेन आणि चिठ्ठी: 'मी दुसरी चेन विकत घेतली आहे. एक सायकलवर, एक तुमच्याकडे. मी अजून आहे. वेणू.'

शब्द म्हणजे शब्द. चेन आली की परातीत, परातीतून उन्हात, उन्हातून परत सोपटात. आधी महिन्याला एक यायची. मग पंधरवड्याला. या वर्षी आठवड्याला यायला लागली. मला वाटले, अक्काला केळीच्या बागांमधून फार फिरावे लागत असेल. मला तिची दया आली, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

मागच्या महिन्यात आलेल्या चेनवर लाल रंगाचा शिंतोडा होता. अक्काची सायकल काळी आहे. मी कड्या मोजल्या. लेडीज सायकलच्या चेनपेक्षा दोन जास्त. लाल सायकल आमच्याकडे एकाच खात्याची असते. कंडक्टर फैजपूरचाच, त्याला विचारले. तो आधी टाळू लागला; मी एस.टी.च्या दारात उभा राहिलो आणि गाडी सोडू दिली नाही, तेव्हा बोलला.

"मिस्तरी, बठ्ठा दवाखाना अन् पोष्ट तुमच्याच चेनवर चालू राह्यलं. डॉक्टर, कंपाउंडर, पोष्टमन. अक्का बठ्ठ्यांच्या चेना पाठवते."

मी विचारले, फुकट पाठवते?

"नाही. चार आणे घेते."

मी घंटा वाजवायची दोरी त्याच्या हातातून घेऊन स्वतः ओढली. गाडी गेली. बाबू टेलरला हकीकत सांगितली तर तो म्हणाला, "तूच ओरडून सांगितलं होतंस, तुम्ही आहात तोवर. चेनचं नावही घेतलं नाहीस. साक्षीदार मी आहे." बाबूच्या कायद्याने ती बरोबर असेल. त्या कायद्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. चेना पाठवा, दहा पाठवा, अख्ख्या यावल तालुक्याच्या पाठवा. मी शब्दाचा माणूस आहे.

पण वेणूअक्का, हा अंक फैजपूरच्या वाचनालयात येतो आणि तुम्ही पहिले पान ते शेवटचे पान वाचता, हे मला ठाऊक आहे. म्हणून इथे छापून विचारतो. फौजदाराला, मेहुण्याला, कोणालाही ज्या कामाचा मी एक पैसा सोडला नाही, उन्हात तापवून दोनदा पुसलेले ते काम, जे सहा आण्यांचे असल्याचे तुम्ही स्वतःच्या तोंडाने आणि स्वतःच्या पदराने कबूल केले, ते तुम्ही फैजपुरात चार आण्यांना का विकले? पैसे ठेवा, मला नकोत. भाव का पाडला, त्याचे लेखी उत्तर हवे.

लाल शिंतोड्याची चेन साफ करून, तापवून, दुसऱ्यांदा पुसून दुकानात खिळ्याला टांगली आहे. उत्तर आल्याशिवाय ती खाली उतरणार नाही. आणि उत्तर कंडक्टरच्याच हाती द्या. पोस्टाने पाठवू नका. पोस्टमन सध्या पायी फिरत असेल.